मनाच्या वावरात पेरणारा माणूस



गेल्या वर्षीच्या खरिपातली गोष्ट. पोळा होऊन आठवडा झाला असेल. सकाळी कार्यालयाचे कुलूप काढतो न काढतो तोच ओळखीचे एक शेतकरी काका पिशवीत रिकामी बाटली घेऊन आले. बाटली कापसावर मारायच्या टॉनिकची होती. तीन एकरांवर दोन फवारण्या केल्या, चार बाटल्या लागल्या, साडेतीन हजार रुपये गेले आणि पातेगळ होती तशीच राहिली, असे त्यांचे गाऱ्हाणे.

मी विचारले, "काका, हे घ्यायला तुम्हाला सांगितलं कोणी?"

"तुम्हीच की साहेब."

मी चाट पडलो. त्या टॉनिकचे नावसुद्धा मी कधी तोंडातून काढले नव्हते. काकांनी मोबाईल काढून एक फोटो दाखवला. जून महिन्यात तालुक्याच्या गावी शेतकरी मेळावा झाला होता, त्याचा फोटो. मी व्यासपीठावर बसलेला, गळ्यात हार, आणि माझ्या डोक्यामागच्या मोठ्या कापडी फलकावर हीच बाटली. त्या दिवशी मी माती परीक्षणावर वीस मिनिटे बोललो होतो. मांडव कंपनीचा होता, चहा-नाश्ता कंपनीचा होता. आपल्याला चार शेतकरी भेटतात, मग हरकत काय, असा माझा हिशेब. मी बोललो मातीवर आणि लोकांच्या ध्यानात राहिली बाटली.

कंपनीने कोणाला खोटे सांगितले नव्हते. तिने मला फक्त तिथे बसवले होते. काका गेल्यावर बराच वेळ ती रिकामी बाटली टेबलावर तशीच होती. मला राग कंपनीचा आला, तसा स्वतःचाही आला. ही युक्ती पहिल्यांदा कोणाला सुचली असेल, हे शोधावे म्हणून मी पुस्तके चाळू लागलो आणि एका माणसापाशी येऊन थांबलो. गंमत म्हणजे तो माणूस माझ्यासारखाच शेतकीचा पदवीधर निघाला!

मामा मनाचे डॉक्टर, भाचा शेतकीचा पदवीधर

त्याचे नाव एडवर्ड बर्नेज. जन्म १८९१ सालचा, व्हिएन्ना शहरातला. दुसऱ्याच वर्षी घरची मंडळी अमेरिकेत गेली. वडील धान्याचे व्यापारी. मुलाने शेतीच्या विद्येत पडावे अशी घरची इच्छा, म्हणून त्याने कॉर्नेल विद्यापीठातून १९१२ साली शेतकीची पदवी घेतली. पण नांगराच्या वाटेला तो कधी गेला नाही. लेखणी धरली, नाटकवाल्यांची जाहिरात केली, आणि पुढे जो धंदा केला त्याला आज आपण जनसंपर्क म्हणतो.

या बर्नेजची आई म्हणजे सिग्मंड फ्रॉइड यांची बहीण, आणि फ्रॉइड यांची बायको म्हणजे बर्नेजच्या वडिलांची बहीण. आपल्याकडे साटेलोटे म्हणतात ना, अगदी तसेच. म्हणजे फ्रॉइड त्याचे दोन्हींकडून नातलग.

फ्रॉइड हे मनाचे डॉक्टर. त्यांचे सांगणे थोडक्यात असे, की माणूस बोलतो एक कारण आणि त्याच्या आत काम करते दुसरेच. ते दुसरे कारण त्याचे त्यालाही ठाऊक नसते. आपल्या गावातलेच पाहा. चार एकरांचा धनी कर्ज काढून ट्रॅक्टर आणतो. विचाराल तर म्हणेल, वेळ वाचतो, बैल परवडत नाहीत. यात खोटे काही नाही. पण थोरल्या भावाच्या अंगणात ट्रॅक्टर उभा राहिल्यापासून याला रात्री झोप नव्हती, हे कारण तो सांगणार नाही. ट्रॅक्टर विकणाऱ्याला मात्र हे दुसरे कारण कळले, की त्याला इंजिनाची ताकद समजावत बसायची गरज उरत नाही.

फ्रॉइड यांनी ही विद्या रोग्यांसाठी काढली. भाच्याने १९२० साली मामांच्या व्याख्यानांचे पुस्तक अमेरिकेत इंग्रजीत छापून आणण्याची खटपट केली आणि तीच विद्या स्वतः बाजारात नेली.

त्याच्या वाचनात आणखी दोन माणसे होती. फ्रान्सचे गुस्ताव ल बाँ यांनी १८९५ साली गर्दीच्या मनावर पुस्तक लिहिले होते. गर्दी हिशेब करत नाही, तिच्या डोळ्यांपुढे चित्र उभे करावे लागते, असे त्यांचे मत. लंडनचे विल्फ्रेड ट्रॉटर हे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर. माणसात कळपाची ओढ किती खोल असते, यावर त्यांचे पुस्तक १९१६ साली आले. मेंढरे राखणाऱ्याला हे सांगायला इंग्लंडच्या डॉक्टरांची गरज नाही. ओढ्याच्या काठाला कळप अडला, तर धनगर शंभर मेंढरांना ढकलत बसत नाही. पुढचे एक ओढून पलीकडे नेतो. बर्नेजने हे पुढचे मेंढरू हेरायचा धंदा केला. पुढचे मेंढरू म्हणजे ज्याच्यावर लोकांचा विश्वास आहे तो माणूस. कधी डॉक्टर, कधी मास्तर, कधी वर्तमानपत्रवाला. आणि कधी गळ्यात हार घातलेला कृषी अधिकारी.

डॉक्टरांची साक्ष

त्याची एक गोष्ट ऐका. १९२० नंतरच्या काळात एक कंपनी त्याच्याकडे आली. ती डुकराच्या मांसाच्या खारवलेल्या चकत्या विकत असे. अमेरिकेतले लोक तेव्हा सकाळी कॉफी, पावाचा तुकडा आणि फळांचा रस एवढ्यावर भागवू लागले होते आणि कंपनीचा माल पडून राहत होता. साधा जाहिरातवाला असता तर त्याने "आमचे मांस चविष्ट" म्हणून भिंती रंगवल्या असत्या. बर्नेजने तसे केले नाही. त्याने एका डॉक्टरांना विचारले, सकाळी हलके खावे की भरपेट? डॉक्टर म्हणाले, भरपेट. मग त्याच डॉक्टरांकरवी देशातल्या सुमारे ५,००० डॉक्टरांना पत्रे गेली. त्याच्याच सांगण्याप्रमाणे सुमारे ४,५०० जणांनी होकार कळवला. ही बातमी म्हणून वर्तमानपत्रांत छापून आली, आणि त्याच सुमारास मांस आणि अंडी हा भरपेट नाश्ता असल्याचेही छापून आले.

एकाही डॉक्टरने त्या कंपनीचे नाव घेतले नव्हते. त्यांना विचारले होते नाश्त्याबद्दल. मला विचारले होते मातीबद्दल.

यातली मेख लक्षात घ्या. जाहिरात दिसली की माणूस सावध होतो, कारण विकणारा आपल्या मालाला चांगलेच म्हणणार हे शेंबड्या पोरालाही कळते. पण बातमी वाचताना, डॉक्टरांचा सल्ला ऐकताना आपण दार उघडेच ठेवतो.

रस्त्यावरची मिरवणूक

दुसरी गोष्ट आमच्या भगिनींनी विशेष वाचावी. त्या काळी अमेरिकेत बाईने रस्त्यावर सिगारेट ओढणे निंद्य समजत. सिगारेटच्या एका बड्या कंपनीच्या प्रमुखाला हे खटकत होते. निम्मे गिऱ्हाईक हातचे जात होते ना! त्याने बर्नेजला गाठले. बर्नेज ए. ए. ब्रिल नावाच्या मनोविश्लेषकाकडे गेला. हे ब्रिल फ्रॉइड यांच्या ग्रंथांचे भाषांतरकार. त्यांच्याकडून कल्पना मिळाली, की स्त्रियांना सिगारेट ही पुरुषांच्या बरोबरीची खूण वाटू शकते, जणू स्वातंत्र्याची मशाल.

अमेरिकेतल्या स्त्रियांना देशभर मताचा अधिकार मिळून तेव्हा नऊच वर्षे झाली होती. बरोबरीची भूक खरी होती आणि न्याय्य होती. बर्नेजने नेमके तिथेच बोट ठेवले. १९२९ साली ३१ मार्चला ईस्टरचा सण होता. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यू या रस्त्यावर त्या दिवशी नटूनथटून फिरायची रीत. त्या गर्दीत काही तरुणींनी सिगारेटी पेटवल्या. वर्तमानपत्रांना आधीच कुणकुण दिली होती, छायाचित्रकार तयार होते. मुलींना बोलावणे गेले ते स्त्रियांच्या समतेच्या नावाने. त्यामागे तंबाखूची कंपनी आहे, हे वाचणाऱ्यांना कळले नाही. दुसऱ्या दिवशी ती देशभर बातमी झाली.

एका मिरवणुकीने अमेरिकेतल्या बायका सिगारेट ओढू लागल्या, असे मात्र मी म्हणणार नाही. ते प्रमाण आधीपासून वाढतच होते, आणि बर्नेजला स्वतःची फुशारकी मारायची सवय होती. पण वाट सोपी झाली, हे खरे. १९८७ च्या सुमारास अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगाने मरणाऱ्या स्त्रियांची संख्या स्तनांच्या कर्करोगाने मरणाऱ्यांपेक्षा जास्त झाली. आणि हाच बर्नेज स्वतःच्या बायकोने सिगारेट सोडावी म्हणून घरात धडपडत असे! पुढे १९६० नंतर तो तंबाखूविरुद्धच्या मोहिमेलाही मदत करू लागला. तोवर पीक निघून गेले होते.

मालाकडून मतांकडे

जी युक्ती मांस आणि सिगारेट खपवते ती मते का खपवणार नाही? खरे तर बर्नेजची शाळा तिथूनच सुरू झाली होती. पहिल्या महायुद्धात अमेरिका १९१७ च्या एप्रिलमध्ये उतरली. त्याच्या आदल्याच निवडणुकीत अध्यक्ष विल्सन यांच्या बाजूने प्रचार झाला होता तो त्यांनी देशाला युद्धापासून दूर ठेवले म्हणून. आता लोकांचे मन फिरवायचे होते. त्यासाठी सरकारने प्रचार समिती नेमली, आणि तरुण बर्नेज तिच्यात कामाला होता. या समितीने गावोगावचे सुमारे ७५,००० स्वयंसेवक तयार केले. ते सिनेमागृहात रीळ बदलायच्या वेळी उठून चार मिनिटे युद्धाच्या बाजूने बोलत. बोलणारा बाहेरचा नसे. गावातलाच कोणी वकील, कोणी दुकानदार, लोकांच्या ओळखीचा. पुढचे मेंढरू कसे निवडले होते, आले ना ध्यानात?

युद्ध संपल्यावर बर्नेजला वाटले, युद्धात जे चालते ते शांततेतही चालेल. 'प्रोपगंडा' हा शब्द मात्र बदनाम झाला होता, म्हणून त्याने आपल्या धंद्याला 'पब्लिक रिलेशन्स' म्हणायला सुरुवात केली. १९२४ साली अध्यक्ष कूलिज निवडणुकीला उभे होते. माणूस अबोल आणि रुक्ष. बर्नेजने नाटकातल्या नटनट्यांना त्यांच्याकडे सकाळच्या फराळाला नेले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत अध्यक्ष हसल्याची बातमी. धोरणाचा एक शब्द बदलला नव्हता.

१९२८ साली त्याने 'प्रोपगंडा' याच नावाचे पुस्तक लिहिले. जनतेची मते पडद्यामागून वळवणारे थोडे लोक असतात, आणि लोकशाही नीट चालायला ते असलेच पाहिजेत, असे त्यात त्याने उघड मांडले. हे वाचून मला त्याच्या धिटाईचे नवल वाटले. पाच वर्षांनी, १९३३ साली, जर्मनीहून परतलेल्या एका अमेरिकन पत्रकाराने त्याला सांगितले, की हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स ज्यूंच्या विरोधातल्या प्रचारासाठी त्याचेच एक पुस्तक वापरतो. बर्नेज स्वतः ज्यू. ही हकिगत त्याने १९६५ च्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. धक्का बसला, असे तो लिहितो. पण धंदा त्याने बंद केला नाही.

केळी आणि कुळे

आता जी हकिगत सांगणार आहे ती आपल्या जमिनीच्या जिव्हाळ्याची आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

मध्य अमेरिकेत ग्वाटेमाला नावाचा लहान देश आहे. तिथे युनायटेड फ्रूट नावाच्या अमेरिकन कंपनीच्या केळीच्या बागा होत्या. कंपनीकडे सुमारे साडेपाच लाख एकर जमीन, त्यातली बहुतेक पडीक. देशातले बंदर, आगगाडी यांच्यावरही तिचाच पगडा. आणि गावातली माणसे मात्र भूमिहीन, दुसऱ्याच्या बांधावर राबणारी.

याकोबो अर्बेंझ हे निवडून आलेले अध्यक्ष १९५१ साली अधिकारावर आले. १९५२ च्या जूनमध्ये त्यांनी जमिनीचा कायदा केला. सुमारे सव्वादोनशे एकरांपर्यंतच्या शेताला हात लावायचा नाही, त्याहून मोठ्या मालकीतली पडीक जमीन घ्यायची आणि भूमिहीनांना द्यायची. मोबदला सरकारी रोख्यांत. अर्बेंझ यांची स्वतःची जमीनही या कायद्यात गेली. आपल्याकडे १९४८ च्या कूळकायद्याने आणि १९५७ च्या कृषकदिनाने घरोघरी काय उलथापालथ झाली, ते वडीलधाऱ्यांनी सांगितलेले असेलच. म्हणजे ग्वाटेमालातल्या त्या लोकांना काय वाटले असेल, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. सुमारे एक लाख कुटुंबांना जमीन मिळाली.

कंपनीच्या एका मोठ्या तुकड्याचा मोबदला सरकारने काढला ६ लाख २७ हजार डॉलर. हा आकडा आला कुठून? कंपनीने कर वाचवण्यासाठी जमिनीची जी किंमत स्वतःच कागदावर दाखवली होती, तिच्यावरून. आता तिच्या वतीने अमेरिकेच्या सरकारने मागणी केली १ कोटी ५८ लाख डॉलरची. शेतसारा भरताना माळरान आणि पैसे घेताना बागायत, हा प्रकार आपल्याही ओळखीचा आहे.

बर्नेज १९४० नंतरच्या काळात या कंपनीचा सल्लागार होता. त्याने भांडण जमिनीचे आहे असे दिसूच दिले नाही. जमिनीचे भांडण म्हटले तर अमेरिकेतला साधा शेतकरी कदाचित कुळाच्या बाजूने उभा राहिला असता. त्याने ते भांडण भीतीचे केले. रशियाच्या कम्युनिस्टांची तेव्हा अमेरिकेत मोठी धास्ती होती. हे कम्युनिस्ट अमेरिकेच्या अंगणात येऊन बसले, असे चित्र उभे करायचे ठरले. १९५२ पासून वर्तमानपत्रांच्या संपादकांना आणि बातमीदारांना कंपनीच्या खर्चाने ग्वाटेमालाची सहल घडवण्यात आली. कुठे जायचे, कोणाला भेटायचे, हे ठरवणारी कंपनीच. परतल्यावर त्यांनी जे पाहिले ते लिहिले. बहुतेकांनी प्रामाणिकपणेच लिहिले असेल. मीही प्रामाणिकपणेच माती परीक्षणावर बोललो होतो.

अर्बेंझ यांच्या बाजूला कम्युनिस्ट होते का? होते, आणि जमिनीच्या कायद्यात त्यांचा हात होता, हे नाकारून चालणार नाही. पण रशियाचे राज्य तिथे आले होते, हे चित्र मात्र रंगवलेले. सरकार पाडले ते एकट्या बर्नेजने नव्हे. अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने बंडखोरांना पैसा, हत्यारे आणि विमाने दिली. गुप्त रेडिओवरून मोठी फौज चालून येत असल्याच्या बातम्या सोडल्या. फौज होती लहानशीच, पण घबराट मोठी झाली. १९५४ च्या २७ जूनला अर्बेंझ यांनी राजीनामा दिला. जमिनीचा कायदा रद्द झाला. ज्यांनी एक-दोन पिके घेतली होती त्यांच्या हातून वावर गेले.

पुढे १९६० ते १९९६ पर्यंत त्या देशात यादवी चालली. संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने नेमलेल्या आयोगाने १९९९ साली मेलेल्या आणि बेपत्ता झालेल्या माणसांचा अंदाज दोन लाखांच्या वर सांगितला. त्यातले बहुतेक लोक गावोगावच्या माया आदिवासी शेतकरी कुटुंबांतले. त्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांनी ग्वाटेमालात जाऊन, तिथल्या दडपशाहीला अमेरिकेने दिलेली साथ चूक होती, असे कबूल केले. बर्नेज १९९५ सालीच वारला होता. १०३ वर्षे जगला.

आणि आमचे खाते?

आता तुमच्यातला कोणी म्हणेल, साहेब, अमेरिकेचे पुरे झाले, तुम्ही तरी दुसरे काय करता? प्रश्न रास्त आहे.

आम्ही शिकलेल्या कृषी विस्तार या विषयाचा पायाही असाच एका अभ्यासावर आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १९२८ पासून मक्याचे संकरित बियाणे आले. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोघांनी तिथल्या २५९ शेतकऱ्यांची माहिती घेऊन १९४३ साली निष्कर्ष छापले. बियाण्याची पहिली खबर पुष्कळांना विक्रेत्याकडून लागली होती. पण पेरायचे की नाही, हे ठरले शेजाऱ्याचे शेत पाहून. त्याच आयोवातल्या शेतकऱ्याचा मुलगा एव्हरेट रॉजर्स. त्याच्या वडिलांनी संकरित मका बरीच वर्षे नाकारला. १९३६ च्या दुष्काळात आपला मका वाळताना आणि शेजाऱ्याचा उभा राहिलेला पाहिला, तेव्हा कुठे ते वळले. रॉजर्सने १९६२ साली यावर जे पुस्तक लिहिले, ते आम्ही परीक्षेसाठी घोकले आहे. नवे आधी घेणारे शंभरात अडीच, त्यांच्या मागचे साडेतेरा, असे करत शेवटचे सोळा म्हणजे रेंगाळणारे.

हा रेंगाळणारा शब्द मला आता खटकतो. तीस वर्षांत मी असे पुष्कळ रेंगाळणारे पाहिले, की ज्यांचे न घेतलेल्या औषधाचे पैसे वाचले.

तेव्हा आम्हीही पुढचे मेंढरूच शोधतो. प्रात्यक्षिकाचा प्लॉट प्रगतशील शेतकऱ्याकडे घेतो, कारण त्याचे पाहून दहाजण करतात. आता कंपन्यांनाही तो घरबसल्या सापडतो. त्याचा फोटो फलकावर लागतो, त्याची चित्रफीत तुमच्या मोबाईलवर येते, आणि त्या बदल्यात त्याला काय मिळाले हे त्या चित्रफितीत नसते.

पण याच विद्येचा दुसरा उपयोग आपल्याच मुलखात होऊन गेला आहे. १९५६ साली ऑल इंडिया रेडिओच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत, १५० गावांत एक प्रयोग केला. गावातले पंधरा-वीस जण एकत्र बसून आठवड्यातून दोनदा शेतीचा कार्यक्रम ऐकत. ऐकून उठून जात नसत. तिथेच बसून त्यावर वाद घालत, आपले प्रश्न रेडिओला लिहून कळवत आणि पुढे त्यांची उत्तरे येत. जिथे असे गट होते तिथल्या लोकांना, नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा पुष्कळ जास्त समजले, असे पाहणीत आढळले. तोच रेडिओ, तीच माणसे, आणि एकत्र बसलेलीही. फरक एवढाच, की इथे ऐकणाऱ्याला उलट विचारायची सोय होती. फलकावरच्या बाटलीला काकांनी काय विचारायचे होते?

त्या दिवशी संध्याकाळी मी काकांच्या घरी गेलो. माझी चूक मी सांगितली. आता कंपनीच्या मांडवात बसणार नाही, हेही सांगितले. काका संकोचले. काकू मात्र चुलीपासून म्हणाल्या, "फोटो बघूनच कापूस येत असता तर साहेब, तो फोटोच वावरात उभा केला असता." मग त्यांनीच विचारले, की औषध मारलेले आणि न मारलेले शेजारी-शेजारी ठेवता येत नाही का? मी लाजलो. प्रात्यक्षिकाचा हा पहिला धडा मी त्यांना आधीच सांगायला हवा होता.

यंदा तसे केले आहे. त्या टॉनिकची एक बाटली आणली. एकाच वावरात, एकाच दिवशी पेरलेल्या कापसाच्या मधल्या चार ओळी फवारल्या, शेजारच्या चार तशाच सोडल्या. खत सारखे, डवरणी सारखी. खुणेला काकूंनी जुन्या लुगड्याच्या चिंध्या काठ्यांना बांधल्या आहेत. दसऱ्यानंतर पहिली वेचणी त्यांनी स्वतः केली आणि दोन गाठोडी वेगळी बांधून तोलली. फवारलेल्या ओळींचा कापूस ३१ किलो, न फवारलेल्या ओळींचा साडे ३१. एका वेचणीवरून काही ठरत नाही, हे मी त्यांना सांगितले. दुसरी वेचणी दिवाळीनंतर आहे. शेजारचे दोघेजण आताच येऊन गाठोडी बघून गेले.